जोत्याखालचे मासे

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी एसटीत ऐकत असेल, कुणी होस्टेलच्या गच्चीवर, कुणी भांडी घासता घासता. आजचा विषय मासे. पण खायचे नाहीत, धरायचे. आणि धरून, वजन करून, फोटो काढून परत पाण्यात सोडायचे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका.

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. दोन आठवड्यांनी एकदा गावाकडं येतो आणि घरी बॅग टाकून गळ घेऊन तलावावर जातो. आईचं म्हणणं, पोरगं आपल्याला भेटायला येतं का माशाला, हे एकदा ठरवावं. ऑफिसात मात्र वेगळाच प्रश्न येतो. "धाराशिवला मासे? तिथं पाणी तरी आहे का?"

लोक हसत विचारतात, पण प्रश्न बरोबर आहे. तलाव भरपूर आहेत आपल्याकडं. माकणीचं निम्न तेरणा, परंड्याकडं सीना-कोळेगाव, तेरजवळचं तेरणा धरण, नळदुर्गची बोरी, शिवाय गावोगावचे साठवण तलाव आणि पाझर तलाव. मासेही आहेत. गुरुवारच्या, रविवारच्या बाजारात जाऊन बघा, रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, कधी मरळ, कधी वाम. पण पाटीत हात घालून बघितलं तर बहुतेक मासा अर्ध्या किलोचा, किलोचा, फार तर दोन किलोचा. मला शोधायचा असतो तो दहा किलोचा. तो जिल्ह्यात असेल तर कुठं असेल आणि नसेल तर का नसेल, एवढ्या एका प्रश्नामागं माझी चार-पाच वर्षं गेली. उत्तर माशाबद्दल असेल असं वाटलं होतं. निघालं पाण्याबद्दल.

आधी माशांची थोडी ओळख करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तलाव म्हणजे तीन मजली इमारत समजा. वरच्या मजल्यावर कटला. त्याचं डोकं मोठं, तोंड वरच्या बाजूला उघडणारं, कारण तो वरच्या थरातलं बारीक खाणं गाळून खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ आणि सायप्रिनस, चिखलात तोंड खुपसणारे. गळ टाकताना पहिला निर्णय हाच असतो, कोणत्या मजल्यावर आमिष ठेवायचं. कटल्यासाठी बूच लावून आमिष वर तरंगत ठेवायचं, सायप्रिनससाठी तळाला टेकवायचं. आमिष म्हणाल तर कणकेची गोळी, मक्याचे उकडलेले दाणे, गांडूळ. आणि आदल्या दिवशी त्या जागेवर भिजवलेली शेंगदाण्याची पेंड टाकून ठेवायची. पेंड ही आपल्याकडं घरात असतेच, फक्त म्हशीचा वाटा कमी होतो म्हणून बोलणी खावी लागतात.

आता महत्त्वाची गोष्ट. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात, पुराच्या पाण्यात ते अंडी घालतात. साचलेल्या तलावात घालत नाहीत. कितीही वर्षं तलावात राहिले तरी नाही. मग आपल्या तलावात ते आले कुठून? १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी नावाच्या शास्त्रज्ञांनी माशाच्याच पियुष ग्रंथीचा अर्क माशाला टोचून या जातींना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. तो दिवस १० जुलैचा, म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन असतो. आज महाराष्ट्रातल्या तलावांत जे बीज पडतं ते या पद्धतीच्या जोरावर. आधी मत्स्यजिरे, मग बीज, मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू. पावसाळ्यात तलाव भरला की मच्छीमार सोसायटी बोटुकली विकत आणून सोडते.

म्हणजे काय झालं बघा. माझ्या तलावातला प्रत्येक कटला हा कुणीतरी पैसे मोजून, पिशवीत ऑक्सिजन भरून, टेम्पोतून आणून सोडलेला आहे. त्याची जन्मतारीख, निदान जन्माचं साल, सोसायटीच्या वहीत आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सायप्रिनस आणि चिलापीचं तसं नाही. ते साचलेल्या पाण्यात स्वतःच वाढतात. चिलापी तर मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली आणि आता हाकलू म्हणलं तरी जात नाही. मादी अंडी तोंडात धरून ठेवते, त्यामुळं पिल्लं वाचतात आणि तलावात बघावं तिकडं तळहाताएवढ्या चिलाप्या. गळाला सगळ्यात आधी तीच लागते. माझ्या एक्सेल शीटमध्ये चिलापीचा रकाना मी बंदच केला.

आता कुणी म्हणेल, हे वजन करा, फोटो काढा, सोडून द्या, हे गोऱ्यांचं फॅड आहे. अर्धं खरं आहे. सोडून देणं हे त्यांचं. पण मजेसाठी गळ टाकणं आपल्या मातीतलं आहे, आणि मी अगदी शब्दशः आपल्या मातीतलं म्हणतोय. उमरग्यापासून तासाभराच्या रस्त्यावर बसवकल्याण आहे. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आणि आपला सगळा भाग त्यांच्याच राज्यात होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने साधारण ११२९ च्या सुमारास संस्कृतात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. राजाने राज्य कसं करावं इथपासून ते जेवावं काय, खेळावं काय इथपर्यंत सगळं त्यात आहे. शंभर प्रकरणं. त्यातलं एक प्रकरण आहे मत्स्यविनोद. मासे कोणते, समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, त्यांना कोणतं खाणं घालून जागेवर आणायचं, दोरी कशी करायची, गळ कसा टाकायचा. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरची पहिली छापील पुस्तिका आली १४९६ साली. आपल्या शेजारचा राजा साडेतीनशे वर्षं आधी आदल्या दिवशी चारा टाकून ठेवत होता. म्हशीची पेंड चोरणारा मी पहिला नाही.

पण मोठा मासा मोजून परत सोडायचा, आणि तोच मासा दोन वर्षांनी परत भेटला तर त्याचं वजन किती वाढलं ते लिहायचं, ही सवय विलायतेची खरी. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमध्ये रेडमायर नावाचं एक तळं आहे. आपल्या पाझर तलावाहून लहान. १९३४ साली त्यात ५० सायप्रिनस सोडले. हो, आपल्या बाजारात मिळतो तोच, जात तीच. १३ सप्टेंबर १९५२ ला रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने त्या तळ्यातून एक मासा काढला, ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा. त्या देशात तोवर एवढा सायप्रिनस कुणी गळाने काढला नव्हता. तो जिवंतच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेला आणि पुढं जवळपास वीस वर्षं तो तिथं काचेमागं जगला.

ही गोष्ट ऐकताना सगळे २० किलो ऐकतात. मला ऐकू येतात ती १८ वर्षं. १९३४ ते १९५२. त्या तळ्यात १८ वर्षं सलग पाणी होतं. वॉकर हुशार होता, रात्र रात्र बसायचा, स्वतः रॉड बनवायचा, सगळं मान्य. पण मासा वाढवला तो पाण्याने.

आता आपल्याकडं या. कोणतेही सलग १८ उन्हाळे घ्या आणि मोजा. २०१३ चा उन्हाळा आठवा. मग २०१५ आणि २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल २०१६. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं होतं आणि आपल्याकडं काही वेगळं नव्हतं. मग २०१९. मग २०२३ चा पावसाळा गेला आणि २०२४ चा उन्हाळा परत तसाच. दर तीन-चार वर्षांनी तलावाचा तळ उघडा पडतो. मासा मोठा व्हायला लागला की पाणी संपतं. रोहू-कटला पहिल्या वर्षात चांगल्या पाण्यात किलोच्या आसपास जातो, खरं वजन घेतो ते त्याच्या पुढं. आणि त्याला पुढचं वर्षच मिळत नाही.

आपल्या पेपरात उन्हाळ्यात एक बातमी ठरलेली असते. इतके प्रकल्प कोरडे, इतके जोत्याखाली. लहानपणी मला वाटायचं जोतं म्हणजे घराचं जोतं, पाणी घराखाली गेलं की काय. जोत्याखाली म्हणजे कालव्याला पाणी सोडायचं दार ज्या पातळीवर असतं, त्याच्या खाली. तिथून पाणी आपोआप बाहेर पडत नाही. त्या पाण्याला इंजिनिअर लोक मृतसाठा म्हणतात. सिंचनाच्या हिशोबात ते मेलेलं. माशाच्या हिशोबात तेवढंच काय ते जिवंत. मोठा मासा जगला तर तिथंच जगतो.

याचा पुरावा शेजारी आहे, सोलापूर जिल्ह्यात, उजनीला. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातला मृतसाठाच साधारण ६३ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून जास्त. दुष्काळात बातमी येते, उजनी मायनसमध्ये गेली. ऐकणाऱ्याला वाटतं धरण संपलं. मायनसमध्ये गेलेल्या उजनीत तेव्हाही आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी तलावांची बेरीज मावेल एवढं पाणी असतं. धरण झालं १९८० साली, त्यानंतर ते तळापर्यंत कधी गेलेलं नाही. म्हणून भिगवणपासून पलीकडं मासेमारीवर गावं जगतात आणि तिथल्या हॉटेलात मासा खायला पुण्याहून लोक जातात. आपल्या साठवण तलावात मृतसाठा असतो तोच मुळात ओंजळभर, आणि टंचाईत त्यातही मोटारी बसतात, टँकर भरतात. भरायलाच पाहिजेत. माणूस आधी. हे मी मासे धरणारा असूनही सांगतो, कारण टँकरमागं घागर घेऊन मीही पळालोय.

मग जिल्ह्यात असं पाणी कुठं आहे, जे दुष्काळातही पूर्ण गेलं नाही? इथं माझ्या नोकरीचा उपयोग झाला. जेवढा ऑफिसला होतो त्याहून जास्तच.

सांगतो कसं, तुम्हीही मोबाइलवर करू शकता. लँडसॅट उपग्रहांनी १९८४ पासून काढलेल्या फोटोंवरून युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्राने जगभरातल्या पाण्याचा एक नकाशा केलाय, ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर. फुकट आहे. जिथं कधीमधी पाणी असतं तिथं फिका गुलाबी, जिथं कायम असतं तिथं गडद निळा. आपला जिल्हा उघडा आणि झूम करा. बहुतेक तलाव कडेला गुलाबी आणि मधे जांभळट. पण काहींच्या मधोमध एक निळा ठिपका असतो. बस, तो ठिपका. त्यानंतर सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो बघायचे. ते २०१५ नंतरचे आहेत, जास्त स्पष्ट. फक्त एप्रिल-मेचे बघायचे, आणि फक्त वाईट वर्षांचे, २०१६, २०१९, २०२४. पावसाळ्यानंतरचे फोटो बघून काही कळत नाही, तेव्हा सगळेच तलाव श्रीमंत दिसतात.

मी अशी यादी केली. शंभराच्या वर तलाव बघितले, तिन्ही वाईट उन्हाळ्यांत ठिपका टिकलेले निघाले थोडे. त्यातला जो घराजवळ होता तिथं गेलो. नाव सांगणार नाही. गळवाले लोक जागा सांगत नाहीत हे जगभर चालत आलंय, आणि शिवाय तलाव सोसायटीच्या ठेक्यात आहे, उद्या वीस जण रॉड घेऊन आले तर त्रास त्यांना.

सोसायटीचे जे मामा तिथं राखणीला असतात, त्यांना मी लॅपटॉपवर तो ठिपका दाखवला. मोठ्या आत्मविश्वासाने म्हणलं, मामा, तलावात सगळ्यात खोल जागा इथं आहे. मामांनी स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बांध बांधताना मुरूम काढला तिथं. खाण हाय ती. शेंबड्या पोराला म्हाईत हाय." बारा रात्री जागून केलेलं काम दोन वाक्यांत संपलं. पण जागा बरोबर निघाली, आणि मामा मला त्या दिवसापासून 'इंजिनिअर साहेब' म्हणतात, मला कळेल एवढ्याच खोचकपणे.

मागच्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, त्या खाणीवर मी तीन सुट्ट्या बसलो. पहिल्या दोन फेऱ्यांत चिलाप्या आणि दोन किलोचा एक रोहू. तिसऱ्या फेरीत, सकाळी आठच्या सुमारास, बूच बुडालं नाही, आडवं झालं आणि हळूहळू चालायला लागलं. मोठा कटला असंच करतो, आमिष ओढत नाही, तोंडात घेऊन निघून जातो. तंगूस माझी ०.३५ मिलिमीटरची, म्हणजे जोर करायला जागाच नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं तो जाईल तिकडं रीळ सोडत, थांबला की गोळा करत राहिलो. मामा मागं येऊन उभे राहिले आणि बिडी पेटवायची विसरले.

लांबी ७८ सेंटिमीटर, घेर ६३. ज्यांच्याकडं काटा नाही त्यांच्यासाठी एक ढोबळ सूत्र सांगतो, लिहून घ्या. लांबी गुणिले घेर गुणिले परत घेर, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले २९ हजार, उत्तर किलोत. इथं आलं १०.७. काट्यावर पिशवीचं वजन वजा जाता भरला १०.४ किलो.

आता ती वही. मी मामांना विचारलं, हा कधीचा असेल? मामा म्हणाले, "कटल्याचं बीज आमी २०२१ नंतर टाकलंच न्हाई. महाग पडलं. मागनं नुसतं रोहू-मृगळ." आणि कटला तलावात जन्मत नाही. म्हणजे हा मासा २०२१ चा किंवा त्याच्या आधीचा. म्हणजे २०२४ चा उन्हाळा त्याने त्या मुरमाच्या खाणीत काढला, तलाव जोत्याखाली असताना, वरून जाळी फिरत असताना. एकाच वाक्यात माशाचं वय निघालं, आणि ते पाण्याचंही वय होतं.

मी त्याला पाण्यात धरून उभा राहिलो, त्याने शेपूट हलवली, गेला. यावर मामा जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण त्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. "साहेब, तुमी सोडला. उद्या आमच्या जाळ्यात घावला तर आमी सोडणार न्हाई. दहा किलोचा कटला म्हंजी आमच्या घरचं आठ दिवसाचं तेल-मीठ हाय."

बरोबर आहे. मासा त्यांचा आहे. बोटुकली त्यांच्या पैशाची, ठेक्याची रक्कम त्यांनी भरलेली, उन्हाळ्यात पाणी गेलं तर नुकसान त्यांचं. मी मासा सोडला म्हणून उदार झालो नाही, दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवली. जे लोक सोशल मीडियावर रॉड धरून उभे राहतात आणि जाळंवाल्यांना 'मासे संपवणारे' म्हणतात, त्यांचं मला पटत नाही. आपल्याकडं मोठा मासा जाळ्याने संपत नाही तेवढा कोरड्या तळाने संपतो. तलाव आटणारच आहे हे दिसत असताना मार्चमध्ये सगळं काढून विकणं हा शहाणपणा आहे, मेला तर कुणाच्याच कामाचा नाही.

म्हणून पहिली गोष्ट, तुम्ही कुठंही गळ टाकायला जाणार असाल तर तलाव कोणत्या सोसायटीकडं आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. मी ठरलेले पैसे देतो, पावती घेतो, आणि घरी मासा न्यायचा असेल तर तो विकत घेतो. आणि सुरुंगाची कांडी, पाण्यात विषारी औषध, असले प्रकार दिसले तर गप्प बसू नका. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून तो गुन्हा आहे. त्याने मोठा मासा मरतोच, पण त्याच्याबरोबर बोटाएवढंही काही शिल्लक राहत नाही.

दुसरी गोष्ट, कधी जायचं. सप्टेंबर ते जानेवारी छान. मार्चपासून मी बंद करतो. खरं तर उन्हाळ्यात मासा धरणं सगळ्यात सोपं, सगळे एका डबक्यात गोळा झालेले असतात. पण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो. अशा पाण्यात मासा अर्धा तास खेळवून दमवला आणि 'सोडून दिला' म्हणून व्हिडिओ टाकला, तर तो तासाभराने मरून तरंगतो, व्हिडिओत दिसत नाही एवढंच. उन्हाळ्यात त्या खाणीवर मी फक्त बसायला जातो.

सोडायचं तर नीट सोडा. गळाला जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून टाका, गळ सहज निघतो. हात ओले करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मग त्याला बुरशी धरते. मुरमावर, दगडावर ठेवू नका, ओलं जाड कापड अंथरा. फोटो एकच, मित्राला आधीच कॅमेरा उघडून उभं करा. मासा हातात आणि फोनचा पॅटर्न लक्षात येत नाही, असं व्हायला नको.

मरळीबद्दल वेगळं बोलायला पाहिजे. आपल्या भागातला खरा देशी पैलवान तो. तेलंगणाने तर त्याला राज्यमासा केलंय. महाराष्ट्राचा राज्यमासा पापलेट आहे, अभिनंदन, आमच्या उमरग्याच्या नाक्यावर तो बर्फात येतो. तर मरळ हवेतून श्वास घेते. मधून मधून वर येऊन हवा घेऊन जाते, त्यामुळं पाणी गढूळ झालं, कमी झालं, चिखल राहिला तरी ती काही काळ तग धरते. कटल्याला जमत नाही ते तिला जमतं. आणि तिला बीज टाकावं लागत नाही. पावसाळ्यात नर-मादी दोघं मिळून पिल्लांची राखण करतात. पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो, खाली आई-बाप असतात. आता होतं काय, रबरी बेडूक त्या गोळ्यावर टाकला की मरळ रागाने झडप घालते, भूक नसताना. गॅरंटीने मासा. यूट्यूबवर हीच युक्ती शिकवतात. आई-बाप काढले की तासाभरात चिलाप्या सगळा गोळा खाऊन टाकतात. एका माशाच्या फोटोसाठी पुढच्या पाच वर्षांच्या मरळी गेल्या. लाल गोळा दिसला तर रीळ गुंडाळा आणि दुसरीकडं जा. माझा यावर वाद घालायला तयार असलेला एक मित्र आहे, तो म्हणतो मरळीला कुणी सांगितलं होतं चिडायला. त्याच्याशी मी पावसाळाभर बोलत नाही.

आता शेवटचं, आणि हे सध्या चालू असलेलं आहे.

२०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. उन्हाळ्यात तलावातला गाळ जेसीबीने काढायचा, शेतकऱ्यांनी तो रानात पसरायचा. चांगली योजना, गाळाने आमच्या चुलत्याचं माळरान पिकायला लागलं. पण गाळ काढतात तो बहुतेक कडेकडेने, जिथं ट्रॅक्टर सहज उतरतो आणि चढतो. तळ सारखा होतो, ताटासारखा. ताटातलं पाणी उन्हाने लवकर उडतं. तेवढंच पाणी तांब्यात असेल तर टिकतं. मोठं पाणी असो की छोटं, उघडा पृष्ठभाग जेवढा जास्त तेवढी वाफ जास्त, एवढं सोपं आहे ते.

म्हणून मी आणि मामांनी ग्रामपंचायतीत एक म्हणणं मांडलंय. या उन्हाळ्यात गाळ काढताना खाणीच्या बाजूला, मधोमध, एक कोपरा बाकी तळापेक्षा दीड-दोन मीटर जास्त खोल करायचा. आणि टंचाईत मोटारी बसल्या तरी त्या एका खड्ड्यातलं पाणी शेवटचं उपसायचं. बस, एवढंच. सोसायटीने त्याच्या बदल्यात कटल्याचं थोडं बीज परत टाकायचं कबूल केलंय. मामांचा हिशोब साधा आहे. चार वर्षांनी दहा किलोचे दहा मासे निघाले तर सोसायटीला ते परवडतं. माझा हिशोब असा, की त्या चार वर्षांत ते मला दोनदा तरी भेटतील.

सरपंचांनी विचारलं, माशासाठी पाणी ठेवायचं का? बैठकीत एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, खड्ड्यात पाणी राहिलं तर शेजारच्या विहिरीला पाझर राहतो, मासा राहिला काय अन् न राहिला काय. त्यावर चर्चा आमच्याकडून विहिरींकडं गेली आणि नऊ जणांनी आपापल्या विहिरी त्या खड्ड्यापासून किती जवळ आहेत हे सांगायला सुरुवात केली. ठराव अजून झालेला नाही. पुढची ग्रामसभा १ मेला आहे, सुट्टी टाकलीय. आईला अजून सांगितलं नाही की भेटायला नाही, ग्रामसभेला येतोय.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावच्या तलावात निळा ठिपका सापडला तर मला कळवा. नाव नका सांगू, फक्त सापडला एवढं सांगा.